पगार कमी, शेअर जास्त: कोल्हापुरात राहून अशी ऑफर घ्यावी का?

शाहूपुरीकर
मंडळी, थोडक्यात सांगतो. सध्या पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतोय, वर्षाला साडेतेरा लाख. आता ते म्हणतायत, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या. इकडं एका खासगी सॉफ्टवेअर कंपनीनं ताराबाई पार्कात ऑफिस टाकलंय. त्यांची ऑफर अकरा लाख आणि वर ४,००० ईसॉप (म्हणजे कंपनीचा शेअर ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क), चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळणारे, घ्यायचा भाव शेअरला १० रुपये. भांडवल उभारणीच्या गेल्या फेरीत गुंतवणूकदारानं ६०० रुपयांनी शेअर घेतला म्हणे, त्यामुळं एचआरच्या तोंडात एकच वाक्य, 'चोवीस लाखांचे शेअर देतोय'.

माझं मत असं, की हे शेअर शून्य रुपयांचे धरायचे. अकरा लाखांत, त्या ऑफिसात, त्या साहेबाच्या हाताखाली चार वर्षं काढावीशी वाटतात का, एवढंच बघायचं. वडिलांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर आहे. तोही बाजारात विकता येत नाही. पण सभासद म्हणून सवलतीची साखर मिळते आणि वार्षिक सभेत उभं राहून 'नामंजूर, नामंजूर' असं ओरडता तरी येतं. ईसॉप हातात असताना ना साखर, ना ओरडायची सोय. तुमचं काय मत?

हिंजवडी रिटर्न
भावा, शून्य धरून चालणाऱ्यांच्या हाताला शून्यच लागतं. जरा हिशोब कर की. वर्षाला अडीच लाख कमी म्हणजे चार वर्षांत दहा लाख. तेवढ्यात तुला आजच्या भावानं चोवीस लाखांचा माल मिळतोय. आणि ते दहा लाख तरी खरे कुठं? पुण्यात तीन दिवस जायचं म्हणजे खोली आली, डिपॉझिट आलं, मेस आली, दर शुक्रवारी रात्री स्वारगेटला बसची वाट बघणं आलं. ते सगळं वजा कर आणि मग साडेतेराचं कौतुक सांग.

मी ज्या कंपनीत होतो तिनं कर्मचाऱ्यांकडचे शेअर परत विकत घेतले होते. देवकर पाणंदीतल्या फ्लॅटचं निम्मं कर्ज त्यातून फिटलं. तो पैसा पगारातून साठवायला मला किती वर्षं लागली असती देव जाणे. फ्रेशवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात आली तेव्हा तिचे पाचशेहून जास्त कर्मचारी कोट्यधीश झाले, त्यात तिशीच्या आतली पोरंही होती. ती काय मालकाची भाची-पुतणी नव्हती.

उद्यमनगर कास्टिंग
फ्रेशवर्क्सचं नाव सगळे घेतात, ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजचं कोण घेत नाही. २०२२ मध्ये किंमत २२ अब्ज डॉलर, २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. तिथल्या पोरांकडंही कागद होतेच. आमच्या फाउंड्रीत दिवाळीला बोनस रोख देतो, कामगार मोजून घेतो, विषय संपला.

लक्ष्मीपुरी सीए
मतं नंतर, आधी कराचं बघू. ईसॉपमधला ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. तो हक्क वापरून शेअर नावावर होईपर्यंत मत नाही आणि लाभांशही नाही. कायद्यानं ऑप्शन दिल्यापासून पहिलं एक वर्ष काहीच पक्कं होत नाही.

आता समजा चार वर्षांनी तू सगळे ४,००० घेतलेस. खिशातून गेले ४०,००० रुपये. त्या दिवशी मर्चंट बँकरनं काढलेली किंमत ६०० धरली, तर उरलेले २३ लाख ६० हजार तुझ्या पगारातच धरले जातात. अकरा लाख पगाराला २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत कर शून्य येतो. त्यात हे मिळवलं की कर होतो सहा लाख एकोणीस हजारांच्या आसपास. हा पैसा रोख भरायचा. शेअर अजून विकलेला नाही आणि खासगी कंपनीत तो मनाला येईल त्याला विकताही येत नाही, कारण हस्तांतरावर बंधन असणं हाच खासगी कंपनीचा कायदेशीर गुण आहे. पुढं विकशील तेव्हा वाढलेल्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर निराळा.

पात्र ठरलेल्या स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना २०२० पासून हा पहिला कर काही वर्षं पुढं ढकलायची सवलत आहे. पण ती फक्त सरकारी मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांना, आणि नोकरी सोडलीस की ती मुदतही संपली. प्रमाणपत्र आहे का एवढं एचआरला विचार.

शाहूपुरीकर
सहा लाख? विकायच्या आधी?

हिंजवडी रिटर्न
सीएसाहेब, तुम्ही पोराला घाबरवताय. सगळे एकदम घ्या असं कोण म्हणतं? आम्ही घेतलेच नव्हते. कंपनीनं परत खरेदी काढली तेव्हा त्याच दिवशी घेतले, त्याच दिवशी विकले, कर कापून बाकीचे खात्यावर. तोवर ऑप्शन पडून राहू देत, ते काय खायला मागत नाहीत.

रंकाळ्यावरची
ते पडून राहतात तुम्ही नोकरीत आहात तोवर. खरी मेख तिथंच आहे आणि ती कुणी बोलत नाही. माझ्या आधीच्या कंपनीत ईसॉप योजनेच्या बाराव्या पानावर लिहिलं होतं, राजीनाम्यानंतर ९० दिवसांत पैसे भरून शेअर घ्या, नाहीतर ऑप्शन रद्द. पैसे भरायचे म्हणजे वर सीएंनी सांगितलं ते सगळं, करासकट. कुठून भरणार? मी सोडून दिले.

आणि नोकरी सोडली का, तेही सांगते. मुलाखतीत 'आपण एक कुटुंब आहोत', कामाला लागल्यावर रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल आणि सकाळी नऊची हजेरी. २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, आमच्या बाजूला लाईट नव्हती, नेट नव्हतं. मॅनेजरचा मेसेज आला, 'ते दिवस रजेत टाका.' कुणी तक्रार केली की ठरलेलं उत्तर, 'तुम्ही आता मालक आहात, मालकासारखा विचार करा.' मालक म्हणून हिशोब बघायला मागितला तर 'ते गोपनीय आहे'. म्हणून शाहूपुरीकरांचं 'शून्य धरा' मला पटत नाही. शून्य कसलं, उणे धरा. त्या कागदापायी मी दीड वर्ष जास्त थांबले, नाहीतर पुराच्या आठवड्यातच राजीनामा टाकला असता.

हिंजवडी रिटर्न
ताई, हा दोष मॅनेजरचा, ईसॉपचा नव्हे. तो माणूस शेअर न देताही तसाच वागला असता.

रंकाळ्यावरची
बरोबर. पण शेअर नसते तर मी तिथं नसते.

गोकुळ शिरगाव टेक
मी दुसऱ्या बाजूचा. छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो, लोकांना ऑप्शन देतो. का देतो ते ऐका. पुण्याइतका पगार द्यायला माझ्याकडं पैसा नाही, आणि नुसतं 'घरचं जेवण, गाडीवरून दहा मिनिटांत ऑफिस' यावर चांगली माणसं टिकत नाहीत. उद्या कंपनी विकली गेली तर ज्यांनी उभी केली त्यांना वाटा मिळावा, यात फसवणूक काय आहे? बोनस त्या वर्षीच्या कामाचा. तो देऊन काम भागत असतं तर मीही फाउंड्रीच टाकली असती.

पण शाहूपुरीकर, ६०० रुपयांवर भुलू नका. गुंतवणूकदाराचा शेअर आणि तुमचा शेअर एकाच पंगतीत बसत नाहीत. त्याच्या शेअरला सहसा आधी पैसे परत मिळायचा हक्क असतो. समजा बाहेरच्यांनी ४० कोटी घातले आणि कंपनी ४५ कोटींना विकली गेली. आधी ४० त्यांचे, उरलेल्या पाचात संस्थापक, तुम्ही आणि बाकी सगळे. पेपरात बातमी येणार 'कोल्हापूरच्या कंपनीचा ४५ कोटींचा सौदा', आणि तुमच्या हातात एका मोटारसायकलचे पैसे. शिवाय ४,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. एकूण शेअर चार लाख असतील तर तुम्ही एक टक्क्याचे धनी, चार कोटी असतील तर जत्रेतले.

माझ्याकडं दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर बँकेतली शिल्लक आणि ती किती महिने पुरेल हे मांडतो. त्यात एकदा दोघं घाबरून गेले. जाऊ देत. पण मुलाखतीला येणारी दहातली नऊ पोरं हे विचारतच नाहीत, शनिवारी सुट्टी आहे का एवढंच विचारतात.

रंकाळ्यावरची
शनिवारची सुट्टी विचारतात ते बरोबरच आहे, तीच पहिली कसोटी! आणखी एक विचारा, बाळंतपणाच्या रजेत ऑप्शन पक्के व्हायचं घड्याळ चालू राहतं की थांबतं? या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा. अर्ध्या संस्कृतीचा उलगडा तिथंच होतो.

उद्यमनगर कास्टिंग
शिल्लक दाखवणारा मालक मला आवडला. पण असला मालक असेल तर शेअर कशाला हवेत, माणसं तशीच टिकतील.

गोकुळ शिरगाव टेक
शेठ, माणसं टिकतील. त्यांच्या बायका विचारतात, शेजारचा पुण्याला जाऊन दुप्पट कमावतोय, तुमचं काय?

शाहूपुरीकर
आज एचआरला फोन करून तीन गोष्टी विचारल्या. एकूण शेअर किती, सोडल्यावर मुदत किती, ते सरकारी प्रमाणपत्र आहे का. मुदत ९० दिवस, प्रमाणपत्राचं 'बघून सांगते', आणि एकूण शेअर 'गोपनीय'. मला तर इथंच उत्तर मिळालं. चार हजार भागिले गोपनीय, याचं गणित मला येत नाही.

हिंजवडी रिटर्न
एचआरला माहीतच नसेल रे. ती पोरगी तरी काय करणार, तिला दिलेला कागद ती वाचते. थेट संस्थापकाला मेल टाक. आमच्याकडंही आधी 'गोपनीय'च होतं, मी संचालकाला गाठून विचारलं तर त्यानं फळ्यावर लिहून दाखवलं. लाजून बसलास तर कोण सांगणार?

रंकाळ्यावरची
मेल टाकाच. आणि शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्या ऑफिससमोरून एक चक्कर मारा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा.

गोकुळ शिरगाव टेक
शनिवारी साडेसातला आमच्याकडंही दिवे असतात. कॅरम चालतो.

रंकाळ्यावरची
सगळे मालक हेच सांगतात.

शाहूपुरीकर
मेल टाकला. योजनेची पूर्ण प्रत मागितलीय, बाराव्या पानासकट. ती हातात आल्याशिवाय सही नाही, आणि आली तरी पगार बारा केल्याशिवाय नाही. पुण्याला सोमवारपर्यंत कळवायचंय.

हिंजवडी रिटर्न
म्हणजे शून्याच्या शेअरसाठी एवढी घासाघीस? बाराला हो म्हणाले तर माझा मुद्दा मान्य कर, नाही म्हणाले तर कात्रजला खोली बघायला लाग.