दिग्दर्शक डग्लस सर्कच्या 'देअर्स ऑलवेज टुमॉरो'चं लॉबी कार्ड: अस्सल कसं ओळखू?

प्रश्न: १९५६ चा हा कृष्णधवल सिनेमा परवा पाहिला. खेळण्यांचा कारखानदार, भरलेलं घर, आणि त्याच्याशी बोलायला कुणालाच सवड नाही. टेबलावर एकटाच चालणारा तो खेळण्यातला यंत्रमानव डोक्यातून जाईना. आता त्याचं एक लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरच्या दर्शनी भागात लावायचं जाहिरातीचं छापील चित्र, मिळतंय. घेऊ का?

उत्तर: आधी मोजा. ११ बाय १४ इंच, जाड पुठ्ठा. खालच्या कडेला बारीक अक्षरांत वर्षाचे शेवटचे दोन आकडे, तिरकी रेघ, मग क्रमांक. आधी 'आर' असेल तर पुनःप्रदर्शनाचं. मी एकदा घाईत घेतलेलं कार्ड भिंगाखाली धरलं, तर ठिपक्यांवर ठिपके! छापील कार्डाचाच फोटो काढून छापलेला. कोपऱ्यांना टाचणीची भोकं असली तर नाक मुरडू नका, ती थिएटरातली.

उत्तर: सर्कच्या रंगीत सिनेमांमागे सगळे धावतात, म्हणून हा मागे राहिला. पण यातले कलाकार स्टॅनविक-मॅकमरे ही 'डबल इन्डेम्निटी' या नॉयरमधली, म्हणजे काळोख्या गुन्हेपटातली जोडी, त्यामुळे नॉयरवालेही मध्येच टपकतात. रेंगाळू नका.

प्रश्नकर्ता: भोकं आहेत, तीन कोपऱ्यांना. चौथा कोपराच नाहीये. भिंग शोधतोय.