पहिल्या गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम : पालकांनी कुठे बसावे आणि काय पाहावे?

प्रश्न

माझी सात वर्षांची मुलगी पुण्यात कथक शिकते आणि यंदाच्या गुरुपौर्णिमेला ती प्रथमच रंगमंचावर उभी राहणार आहे. तिच्या गटाला तीनतालात तत्कार (पायांनी वाजवायचे मूळ बोल), दोन तोडे (बोलांवरच्या छोट्या नृत्यरचना) आणि शेवटी एक तिहाई सादर करायची आहे. तालमीला मी बसले की प्रत्येक तोडा संपताच तिची नजर माझ्याकडे वळते, आणि माझ्या चेहऱ्यावर जराशी काळजी दिसली तरी तिचा पुढचा पाय उशिरा पडतो. त्या दिवशी पुढच्या रांगेत बसून तिला धीर द्यावा, की तिच्या नजरेआड बसावे? मला नृत्यातले फारसे कळत नाही. तरी तिचे नृत्य नीट पाहता यावे, अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर १ (कथक शिक्षिका)

ताई, मधल्या किंवा मागच्या रांगेत बसावे. समोरचे दिवे लागले की मुलांना प्रेक्षागृहात बहुधा अंधारच दिसतो, आणि आई जवळ बसली आहे हे ठाऊक असेल तर ते त्या अंधारात तिलाच शोधत राहतात. त्या वेळी त्यांचे लक्ष पढंत करणाऱ्या, म्हणजे बोल म्हणणाऱ्या, गुरूंकडे आणि लेहऱ्याकडे (तालासोबत सतत वाजणाऱ्या धुनेकडे) असायला हवे. मात्र आपण कुठे बसणार आहात, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

पाहायचे काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायला शिका : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला. एवढे जमले की ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हा तत्कार बरोबरीच्या लयीतून दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जाताना मुलगी काय सांभाळते आहे, हे तुम्हाला दिसू लागेल. तिहाईत एकच बोलसमूह तीनदा येतो आणि शेवटचा आघात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. तो तिचा पाय समेवर येण्याचा क्षण ओळखता आला, तर हात उलटा गेला की सरळ, शेजारची मुलगी पुढे गेली की मागे, असल्या गोष्टींची धास्ती उरणार नाही. या वयात हस्तक (हातांच्या हालचाली) चुकतात, त्याचे काही वाटून घेऊ नये; लय सुटू नये, यासाठी मात्र आम्ही जीव तोडून शिकवतो.

उत्तर २ (एक पालक)

चित्रीकरण दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे. मोबाइलच्या पडद्यात मूल शोधण्यातच तोडा संपून जातो, शिवाय मागच्यांना त्रास होतो तो वेगळाच. घुंगरू मात्र स्वतः तपासावेत. दोरी चुडीदारावरून घोट्याला घट्ट, पण रुतणार नाही अशी बांधून घरी एकदा पूर्ण तत्कार करून घ्यावा. सैल दोरी दुगुणीत हमखास खाली सरकते आणि मग मुलीचे सगळे लक्ष पायाकडे जाते.

उत्तर ३ (तबल्याची साथ करणारे)

मात्रा मोजताना चुकलात, तर डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या वाद्याकडे) कान द्यावा. तीनतालाच्या ठेक्यात, म्हणजे तबल्यावर सतत वाजणाऱ्या मूळ बोलांत, दहाव्या मात्रेपासून त्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेला ‘धिं’वर परततो, त्यामुळे सम जवळ आल्याचे नवख्या श्रोत्यालाही जाणवते. मुलेही, मोजणे सुटले तरी, याच खुणेवर परत येतात. म्हणून प्रेक्षागृहातून बोल पुटपुटून किंवा हाताने खूण करून मदत करू नये. त्यांच्या कानावर ठेका आणि लेहरा एवढेच राहू द्यावे. एखादी मुलगी अर्धे आवर्तन (तालाचा अर्धा फेरा) थांबून नेमकी समेवर पुन्हा सुरू होते, तेव्हा साथीला बसलेल्या आम्हा सर्वांच्या तोंडून आपोआप दाद जाते, कारण न चुकता केलेल्या तोड्यापेक्षा ते कठीण असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. मधल्या रांगेत बसेन, आणि टाळी-खाली मुलीकडूनच शिकायला आजपासून सुरुवात करते. मला शिकवायचे म्हटल्यावर ती लगेच पाट मांडून बसली आहे.