मदत हवी आहे: पॉवर बीआयमध्ये तुरीचा उतारा १०९ टक्के येतोय

डाळमिल_लातूर:
नमस्कार मंडळी. तूरडाळ मिलचा रिपोर्ट पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) करतोय. दोन फायली आहेत. 'खरेदी'मध्ये मोंढ्यातल्या पट्ट्या, म्हणजे खरेदीच्या पावत्या: तारीख, लॉट नंबर, आडत्या, क्विंटल, भाव. 'भरडाई'मध्ये रोजचं काम: तारीख, लॉट नंबर, टाकलेली तूर, डाळ, चुनी, भुसा. दोन्ही पॉवर क्वेरीत (डेटा साफ करून जोडायचा त्यातलाच भाग) लॉट नंबरवर मर्ज केल्या, म्हणजे जुळवून एक टेबल केलं, आणि उताऱ्यासाठी, म्हणजे तुरीतून किती टक्के डाळ निघाली त्यासाठी, डाळ भागिले खरेदी असं मेजर (हिशेबाचं सूत्र) लावलं. लॉट १४ चा उतारा १०९.५ टक्के दाखवतोय, वहीत ७३ आहे. शिवाय खरेदीच्या १२ तारखेपर्यंतच्या पट्ट्या भलत्याच महिन्यात दिसतात आणि १३ पासून पुढं सरळ एरर. मालकांना हे मोबाइलवर बघायचंय, त्याचंही सांगा.

जालना_रिपोर्ट:
लॉट १४ च्या पट्ट्या किती आणि भरडाई किती दिवस चालली?

डाळमिल_लातूर:
पट्ट्या तीन: ४०, ३५, २५ क्विंटल. भरडाई दोन दिवस, डाळ ४१ आणि ३२.

जालना_रिपोर्ट:
मग गणित बरोबर चाललंय, मर्ज चुकलाय. तीन पट्ट्यांना दोन दिवस जुळले की सहा ओळी होतात. खरेदी प्रत्येक दिवसासाठी एकदा, म्हणजे १०० ची २०० झाली. डाळ प्रत्येक पट्टीसाठी एकदा, म्हणजे ७३ ची २१९. २१९ भागिले २००, हा तुमचा १०९.५. ज्या लॉटची पट्टी एक आणि भरडाईचा दिवसही एक, तो बरोबर दिसत असणार, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

मर्ज काढून टाका. दोन्ही फायलींतले लॉट नंबर एकाखाली एक अपेंड करा, रिमूव्ह डुप्लिकेट्स करा आणि 'लॉट' नावाचं तिसरं टेबल बनवा, एका लॉटला एकच ओळ. त्यावरून खरेदीला आणि भरडाईला एकास-अनेक असं नातं जोडा, फिल्टरची दिशा सिंगल. रिपोर्टच्या तक्त्यात लॉट नंबर या तिसऱ्या टेबलातूनच घ्या; खरेदीतून घेतलात तर भरडाईचा आकडा प्रत्येक लॉटसमोर एकूणच येईल.

डुप्लिकेट्स काढण्याआधी ट्रिम आणि अपरकेस लावायला विसरू नका. लॉट नंबरात इंग्रजी अक्षर असेल तर पॉवर क्वेरीला मोठा एल आणि छोटा एल वेगळे वाटतात, मॉडेलला (जिथं टेबलांची नाती जोडतो) मात्र एकच. मग तिसऱ्या टेबलातच नंबर दोनदा बसतो आणि नातं अनेकास-अनेक होतं.

तारखांचं: मशीनची लोकेल, म्हणजे तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायची ती सेटिंग, अमेरिकन दिसतेय. ०५-०६ ला ती ६ मे समजते, आणि १३ वा महिना नसतो म्हणून तिथून एरर. आपोआप आलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी आधी काढा, मगच 'युजिंग लोकेल'मधून इंग्लिश (इंडिया) निवडा. ती पायरी तशीच ठेवून वरून लोकेल लावली तर काही उपयोग नाही, ६ मे तोवर पक्का झालेला असतो.

परभणी_अकाउंट्स:
वरचं सगळं बरोबर, पण भागाकारातच एक खोट आहे. उताऱ्याला खालचा आकडा खरेदीचा धरू नका, टाकलेल्या तुरीचा धरा. अर्धा लॉट गोदामात असला की उतारा ३५-४० दिसतो आणि मिलवाल्याला उगाच बोलणं बसतं. खरेदीवरचा हिशेब हवाच असेल तर तो लॉट संपल्यावर, वेगळ्या मेजरमध्ये. त्यात ओलावा आणि माती-कचऱ्याची घटही येते, म्हणून दोन्ही आकडे कधी सारखे निघणार नाहीत. आणि रोजच्या टक्क्यांची सरासरी नको: डाळीची बेरीज भागिले टाकलेल्या तुरीची बेरीज.

कॅलेंडर टेबल (तारखांचं वेगळं टेबल) करणारच असाल तर त्यात आर्थिक वर्षाशेजारी हंगामाचा कॉलमही ठेवा, डिसेंबर ते नोव्हेंबर. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यात येऊ लागते आणि भरडाई एप्रिलनंतरही चालते; ३१ मार्चला रेघ मारली तर एकच माल दोन वर्षांत फाटतो.

जालना_रिपोर्ट:
हो, टाकलेल्या तुरीचं बरोबर आहे, माझ्या नजरेतून सुटलं.

मोबाइलचं: रिपोर्ट शेअर करायला साधारणपणे तुम्हाला आणि मालकांना, दोघांनाही प्रो (पैसे भरून घ्यायचं) लायसन लागतं. ते टाळायला लोक 'पब्लिश टू वेब' करतात. ते अजिबात करू नका, लिंक मिळाली की कुणीही तुमचे खरेदीभाव बघेल. फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असतील तर गेटवे, म्हणजे तिथला डेटा ऑनलाइन रिपोर्टपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम, टाकावा लागेल, आणि रिफ्रेशच्या वेळी लाइट गेलेली असली की तो फेल. कंपनीच्या वनड्राइव्हवर फायली ठेवून तिथूनच जोडल्या तर गेटवे लागत नाही. प्रोमध्ये दिवसाला ८ वेळा रिफ्रेश लावता येतो. तुम्हाला संध्याकाळी भरडाईची नोंद झाल्यावरचा एक पुरे.

डाळमिल_लातूर:
तिसरं टेबल केलं, लॉट १४ ला ७३ आला. तारखाही जागेवर बसल्या. दोन लॉट अजून रिकामे दिसतात.

परभणी_अकाउंट्स:
त्यांचे नंबर एका फाइलीत '०९' आणि दुसरीत '९' असे असतील. दोन्हीकडे कॉलम टेक्स्ट करून टेक्स्ट.पॅडस्टार्टने पुढं शून्य भरा.

डाळमिल_लातूर:
तेच होतं.