मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीन सीडीवरून बूट होत नाही
नमस्कार मंडळी. बाबांच्या छापखान्यातल्या पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) जुन्या फाइली उघडायच्या आहेत, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज एक्सपी टाकतोय. मशीन सुरू केलं की ‘नो बूटेबल मीडियम फाउंड! सिस्टीम हॉल्टेड’ एवढंच येतं, म्हणजे सुरू होण्याजोगी डिस्क त्याला सापडत नाही.

बूट ऑर्डरमध्ये ऑप्टिकल (सीडी ड्राइव्ह) पहिला आहे, ईएफआय (बूट करायची नवी पद्धत) बंद आहे. एक्सपीला साटाचा (डिस्क जोडायची नवी पद्धत) ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो, म्हणून आयएसओ (सीडीची इमेज फाइल) आणि हार्ड डिस्क दोन्ही आयडीईवर (जुनी पद्धत) ठेवलेत.

माझा संशय आयएसओवरच आहे. सीडीवरच्या फाइली फोल्डरमध्ये कॉपी करून त्या फोल्डरचा आयएसओ बनवला; त्यात बूट सेक्टर (सीडीवरचा मशीन सुरू करणारा भाग) आलाच नसेल का? सीडीवर चरे पडलेत, ती पुन्हा पुन्हा फिरवायची भीती वाटते. लिनक्सवर थेट डीडीने (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी कमांड) अख्खी इमेज घेऊ, की डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून वाचेल तेवढं उतरवणारा प्रोग्रॅम) बरं?