बी.फार्म करताना कॉलेजात कुठली जबाबदारी घेऊ? सोलापूरकरांनो, सल्ला हवाय

कुंभारीची_लेक

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. राहायला कुंभारीला, गोदूताई परुळेकर घरकुलात. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. घरातून पदवीला आलेली मीच पहिली.

या वर्षी चार गोष्टी एकदम समोर आल्यात. वर्गातल्या मुलींनी सीआरसाठी, म्हणजे वर्ग प्रतिनिधीसाठी, माझं नाव सुचवलंय. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजना) सर म्हणतात नाव दे. आयपीए या फार्मासिस्टांच्या संघटनेच्या स्टुडंट्स फोरमची नोंदणी सुरू आहे. आणि नोव्हेंबरातल्या फार्मसी सप्ताहाच्या समितीत आमच्या वर्गातून दोघांना घेणार आहेत. मला सगळंच करावंसं वाटतंय. पण जर्नलं, सेशनल, हजेरी सांभाळायची आणि पुढे एम.फार्मच्या प्रवेशाची जीपॅट परीक्षाही द्यायचीय. वडील म्हणतात, फी शिकायला भरतोय, पुढारपण करायला नाही. शिवाय अंधार पडायच्या आत घरी पोचावं लागतं.

यातलं काय घेऊ, काय सोडू? आणि अजून एक. आमच्याकडे पदं सिनियरांकडे असतात, ज्युनियर मुलींच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि पाहुण्यांचे गुच्छ येतात. तसंच असेल तर त्यात वेळ घालवावा का?

जीपॅटचा_अभ्यास

स्पष्ट सांगतो, काहीच घेऊ नकोस. जीपॅट वर्षातून एकदाच असते. चांगला स्कोअर आला आणि एम.फार्मला जागा मिळाली तर एआयसीटीईची महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती दोन वर्षं मिळते. तुझ्या घरच्या परिस्थितीत ती फार मोलाची आहे. प्रमाणपत्रांच्या फाइलला मुलाखतीत कोणी विचारत नाही.

वॉर्डातली_ताई

वरच्या दादांचं शिष्यवृत्तीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. प्रमाणपत्रांबद्दलचंही. पण काम आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सोलापुरातच शिकले, आता पुण्यात एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. कॉलेजात मी एकच गोष्ट धरली होती, फार्मसी सप्ताहातलं रुग्ण समुपदेशनाचं टेबल. आम्ही ते टेबल कॉलेजच्या आवारातून उचलून शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत नेलं, कारण आवारात येणार कोण? तर विद्यार्थीच. पूर्व भागात बायका दुपारी विड्या कारखान्यात देऊन परत येतात, त्या वेळी बसायचो. बोर्डावर एकच ओळ होती, ‘घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या’.

एक आजी कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत रक्तदाबाच्या दोन पट्ट्या, वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या. एक सरकारी दवाखान्यातून मिळालेली, दुसरी खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींवर टेल्मिसार्टन ४० मिलीग्रॅम. आजी दोन्ही रोज घेत होत्या आणि सकाळी उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते असं सांगत होत्या. आम्ही त्यांना ‘ही बंद करा’ असं सांगितलं नाही. तो अधिकार आपला नाही, आणि दोन्हींपैकी काय ठेवायचं ते डॉक्टरांनी रक्तदाब मोजूनच ठरवायचं असतं. आमच्या मॅडमनी तिथंच चिठ्ठी लिहिली, दोन्ही औषधांची नावं, मात्रा आणि चक्कर येते हे नमूद केलं, आणि आजींच्या नातवाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

फार्माकॉलॉजी मला त्या दुपारनंतर जास्त नीट कळायला लागली. पुण्यातल्या मुलाखतीत मी हाच प्रसंग सांगितला. पुढचा अर्धा तास त्यांनी त्यावरच प्रश्न विचारले, दोन डॉक्टरांची औषधं एकत्र आली की काय काय तपासशील, चिठ्ठीत काय लिहिशील, रुग्ण परत येतो का हे कसं बघशील.

म्हणून माझं मत असं. चारपैकी जे काम तुला रुग्णापर्यंत नेईल ते एकच घे आणि दोन वर्षं सोडू नकोस. तुला तेलुगू येत असेल तर त्या टेबलावर तुझ्याइतकी उपयोगाची मुलगी दुसरी नसेल. आमच्यात तेलुगू बोलणारी एकच मैत्रीण होती, दिवसभर तिला श्वास घ्यायला सवड नव्हती.

शिकवणारी

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. नियमाच्या बाजूने थोडं सांगते, कारण मुलं इथंच अडकतात.

पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) नियमाप्रमाणे ८० टक्के हजेरी प्रत्येक विषयाला लागते, आणि थिअरी व प्रॅक्टिकल वेगवेगळं धरतात. म्हणजे सरासरी काढून चालत नाही. कार्यक्रमाच्या तयारीत नेमकं एकाच विषयाचं मंगळवारचं प्रॅक्टिकल चार वेळा बुडलं तर तोच विषय नडतो. कुठलंही काम घेताना तारखा आधी वेळापत्रकाशेजारी ठेवून बघ. परवानगीचं पत्र कार्यक्रमाच्या आधी दे. नंतर दिलेल्या पत्रावर सही मिळवताना फार धावपळ होते.

थिअरीच्या अंतर्गत गुणांत १० गुण सातत्याचे असतात, त्यातही हजेरी आहे. ते घालवू नकोस.

पुढचा हिशेब असा. सहाव्या सेमिस्टरनंतर १५० तासांचं प्रशिक्षण, सातव्यात प्रॅक्टिस स्कूल, आठव्यात प्रोजेक्ट, आणि त्याच काळात जीपॅट. म्हणजे तुझ्याकडे तिसरं ते सहावं सेमिस्टर आहे. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर असतं. घरून शिबिराला परवानगी मिळेल का, हे नाव देण्याआधीच विचारून घे.

रांगोळीबद्दल लिहिलंस ते मनाला लागलं. हे बदलायला हवं आणि ते आम्हा शिक्षकांचं काम आहे. तोवर तू समितीच्या पहिल्या बैठकीत स्वतःहून नेमकं काम माग. ‘मला काहीही द्या’ म्हटलं की रांगोळीच येते. ‘समुपदेशनाच्या टेबलाची नोंदवही मी ठेवते’ म्हटलं तर नाही म्हणायला कोणाकडे कारण नसतं.

बाळीवेस_मेडिकल

आमचं औषधाचं दुकान आहे, वडिलांपासून. पोरी, सप्ताह नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि १८ ते २४ नोव्हेंबर हा प्रतिजैविकांबद्दल जागृतीचा जागतिक आठवडा असतो. दोन्ही एकत्र धरा की. पोस्टर स्पर्धा घेऊन ती हॉलमध्ये लावण्यापेक्षा दुकानांत या. पट्टीवरची लाल रेघ (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका ही खूण) म्हणजे काय, एच१ या कडक नियमांच्या यादीतलं औषध देताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषध वहीत लिहून ती वही तीन वर्षं का ठेवावी लागते, हे गिऱ्हाइकाला सांगायला आम्हाला गर्दीत वेळ मिळत नाही. दोन विद्यार्थी संध्याकाळी पाच ते सहा काउंटरच्या बाजूला उभे राहिले तरी बरंच काम होईल. गिऱ्हाईक ‘कालच्या तीनच गोळ्या द्या’ म्हणून भांडतं तेव्हा काय बोलायचं, हे पुस्तकात सापडत नाही.

चिंचोळी_एमआयडीसी

मी एपीआयच्या, म्हणजे औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या, कारखान्यात क्वालिटीला आहे. सीआर हे पद हलकं समजू नये. मी होतो. परीक्षेचे फॉर्म, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या मुदती, बॅच बदलणं, सर आणि वर्ग दोघांचंही ऐकून घेणं, आणि निकालाच्या दिवशी रडणाऱ्याच्या शेजारी बसणं. माणूस घडतो त्यात. पण वेळ रोज जातो, ठरवून काढलेला नसतो. तुला घर लांब आणि अंधाराच्या आत पोचायचं, तेव्हा सध्या सीआर नको असं मला वाटतं.

नोंदवहीची कल्पना मात्र फार चांगली आहे. आमच्या क्षेत्रात पहिल्या दिवशी सांगतात, लिहिलं नाही ते झालंच नाही. टेबलावर किती जण आले, काय विचारलं, किती जणांना डॉक्टरकडे पाठवलं, खर्च किती, पावत्या कुठे. रुग्णाचं नाव लिहू नका, वय आणि प्रश्न पुरे. वर्ष संपताना ही वही दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात द्यायची. आमच्या कॉलेजात दर वर्षी सगळं शून्यापासून सुरू व्हायचं, कारण सिनियर पास होऊन गेले की त्यांच्याबरोबर डॉक्टरांचे नंबर, मंडपवाला, परवानगीच्या पत्राचा नमुना, सगळंच जायचं.

पंढरीची_वाट

आषाढीचं काम कोणी सुचवलं नाही म्हणून लिहिते. पालख्या आपल्याच जिल्ह्यात येतात. एनएसएस घेतलंस आणि परीक्षा आड आली नाही तर आरोग्य केंद्रावर मदतीला जा. मी ओआरएसच्या टेबलावर होते. वारकरी माउली अर्धी पुडी ग्लासात टाकून पीत होत्या, उरलेली पदराला बांधून ठेवत होत्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं, हे एक लिटरची बाटली हातात धरून दाखवलं की लगेच पटतं. दिवसभर तेवढंच सांगायचं होतं, पण हजार प्रकारे सांगावं लागलं.

वॉर्डातली_ताई

आयपीए फोरमचं राहिलंच. सभासद हो, त्याला रोजचा वेळ लागत नाही. ही संघटना १९३९ पासूनची आहे, आणि तिचा विद्यार्थी विभाग आयपीएसएफ या जागतिक विद्यार्थी महासंघाशी जोडलेला आहे. त्यामुळे परदेशातल्या विद्यार्थी देवाणघेवाणीची माहितीही मिळते. पैसे भरून घरबसल्या ‘आंतरराष्ट्रीय परिषदे’चं प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

आणि सप्टेंबरात १७ ते २३ फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, सप्ताह असतो. औषधाचा त्रास झाला तर रुग्ण स्वतः कळवू शकतो, त्यासाठी मराठीतही फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक. घरकुलात दहा बायकांना हे समजावून सांगितलंस तरी मोठं काम आहे. त्यासाठी अंधार पडल्यावर बाहेर राहावंही लागणार नाही.

कुंभारीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वडिलांना आजींच्या दोन पट्ट्यांचा प्रसंग वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आमच्या आजीच्या गोळ्यांचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यात तसं दुहेरी काही निघालं नाही, एक पट्टी मात्र मुदत संपलेली होती.

सीआरसाठी नाव मागे घेतलंय, माझ्या जागी मैत्रीण उभी राहतेय. फोरमचं सभासदत्व घेते. समितीत टेबल आणि नोंदवही मागितली, मॅडम हो म्हणाल्या. एनएसएसचं शिबिराबद्दल घरी विचारून पुढच्या आठवड्यात ठरवते. जीपॅटवाले दादा, चौथ्या सेमिस्टरपासून रोज एक तास एमसीक्यूचा धरलाय, कुठल्या विषयापासून सुरू करू ते सांगाल का?

टेबलासाठी तेलुगूत पत्रक करायचंय. मला बोलता येतं, लिहिता नीट येत नाही. कोणी तपासून देईल का?

जीपॅटचा_अभ्यास

फार्माकॉलॉजी आणि फार्मास्युटिक्स. तू टेबलावर बसणारच आहेस तर रक्तदाब आणि साखरेच्या औषधांपासूनच सुरुवात कर.

बाळीवेस_मेडिकल

पत्रक व्यनितून (खासगी निरोपातून) पाठव. आमच्या दुकानातले अण्णा तेलुगू माध्यमात शिकलेत, ते बघून देतील. अक्षर मोठं ठेव, आणि गोळी जेवणाआधी की नंतर हे चित्रानं दाखव.