काविळीचं औषध: ‘हजारो बरे झाले’ हा पुरावा धरायचा का?

संख्याशास्त्रवाली, अमळनेर

आमच्या भागात दर रविवारी काविळीचं औषध मिळतं. पहाटे पाचपासून रांग लागते. पारोळा, एरंडोल, पार चोपड्याकडून लोक मोटारसायकलवर येतात, उपाशीपोटी औषध घेतात, तेल-तिखट सोडतात. देणारे एक रुपया घेत नाहीत, त्यांच्या हेतूबद्दल मला काडीचाही संशय नाही. ओट्यावर एक जाड वही असते. नाव, गाव, वय, तारीख. मागच्या महिन्यात मी ती चाळली. ‘पुढे काय झालं’ हा रकानाच तिच्यात नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून हे डाचतं. ‘हजारो बरे झाले’ म्हणताना आपण अर्धाच हिशोब सांगतो. ज्यांनी औषध घेतलंच नाही, त्यांच्यातले किती बरे झाले? दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. आणि माणूस औषधाला जातो कधी? डोळे हळदीसारखे झाले की. म्हणजे आजार ऐन भरात असताना. त्यानंतर उतारच असतो, आणि त्याचं श्रेय त्या वेळी समोर असेल त्याला मिळतं, मग तो वैदू असो की एमडी.

माझे काका तीन रविवार गेले. अंगाला अशी खाज की रात्रभर उशाशी कंगवा घेऊन बसायचे. शौच मातीसारखी पांढरट. काकू म्हणायची, औषध लागू पडतंय, अंगातली घाण निघतेय. थंडी वाजून ताप भरला तेव्हा धुळ्याला नेलं. सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा निघाला, वर जंतुसंसर्ग. नऊ दिवस आयसीयूत काढले, पण वाचले. त्या वहीत त्यांचं नाव तीनदा आहे. बरे झालेले लोक नारळ घेऊन येतात, ते सगळ्या गावाला दिसतं. काका नारळ घेऊन गेले नाहीत, ते कुणाला दिसणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. औषध झाडपाल्याचं असो की कंपनीचं, तुलनेला दुसरा गट नसेल तर ‘गुण येतो’ असं म्हणू नये.

तापीकाठ

ताई, काकांचं वाचून वाईट वाटलं. पण माझी आई, माझी दोन्ही मुलं तिथल्याच औषधाने उठून बसली. आई आजही म्हणते, ‘माले बरं वाटनं, मंग व्हयनं ना!’ तिला मी कोणता तक्ता दाखवू? आणि तुलनेचा गट म्हणजे निम्म्या लोकांना औषध द्यायचंच नाही, असंच ना? चाळीस किलोमीटरवरून आलेल्या आजाऱ्याला चिठ्ठी उचलायला लावायची आणि तुझ्या नशिबात नाही म्हणून परत पाठवायचं? हे पाप कुणी करायचं?

संख्याशास्त्रवाली, अमळनेर

दादा, चिठ्ठ्या टाकणं मलाही आधी निर्दय वाटायचं. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा अभ्यास वाचला आणि मत बदललं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये ते औषध इतकं थोडं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनुसार क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी कुणाला काय मिळणार हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरलं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. १९४८ साली हे छापून आलं. काही रुग्णांत जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, हेही त्यातच कळलं. त्या ५२ जणांची फसवणूक झाली असं मला वाटत नाही. औषध चालतं की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

जळगावचा एक मुलगा

२०२० च्या सप्टेंबरात कोविड झालेल्या वडिलांसाठी प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव, शोधत होतो. रात्री दोन वाजता ओळखीच्या, अनोळखी, भुसावळच्या, धुळ्याच्या माणसांना फोन केले. एक जण मिळाला, कोविडमधून उठलेला. पावसात येऊन रक्त देऊन गेला. वडील चौथ्या दिवशी गेले. त्या रात्री कुणी मला ‘आधी अभ्यास होऊ द्या’ म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. आपला माणूस जात असताना सरासरी घेऊन काय करायचं?

धुळ्याचा डॉक्टर

भाऊ, त्या रात्री कोणत्याही मुलाने हेच केलं असतं. चूक आमची. प्लाझ्मा आणा असं आम्ही लिहून देत होतो, आणि हातात आकडा नव्हता. तो आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने त्याच वर्षी काढला. देशातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. २८ दिवसांत आजार बळावलेले किंवा दगावलेले, प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. तरीही प्लाझ्मा सरकारी उपचार सूचनांतून निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात किती घरांनी तुमच्यासारखी रात्र काढली असेल, ते मला विसरता येत नाही.

आणि डेक्सामेथासोन? कुठल्याही मेडिकलवर काही रुपयांत मिळणारं औषध. कोविडच्या उपचारांवरच्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा नाही. माझ्या वॉर्डातल्या अनुभवावरून हा फरक मला जन्मात दिसला नसता.

माजी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी), भुसावळ

डॉक्टर, तुमचे आकडेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ हे चकचकीत पान मी स्वतः टेबलावर ठेवलंय. आत बघितलं तर १०० जणांत २ ऐवजी १. वीस गोष्टी तपासल्या की एखादी निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या, म्हणजे ‘फरक खरा’ मानायच्या रेषेच्या, खाली उतरते, आणि मग ठळक छापायला तीच घेतात. वैदूच्या वहीत रकाना नाही. कंपनीच्या वहीत रकाने आहेत, पण नको ती पानं कपाटात जातात.

संख्याशास्त्रवाली, अमळनेर

शंभर टक्के मान्य. म्हणूनच काय मोजणार ते आधी जाहीर करायचं, निकाल हाती आल्यावर नाही. आपल्याकडे चाचणीची आगाऊ नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे. पण या लबाड्या तुम्हाला पकडता आल्या त्या आकडे कागदावर होते म्हणून. रविवारच्या वहीत पकडायलाच काही नाही.

सातपुडा, धडगाव

तुम्ही सगळे खाली बसून बोलताय. आमच्याकडे सिकलसेल आहे, रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. त्यावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा मोठा पुरावा १९९५ चा, अमेरिका-कॅनडातल्या २९९ प्रौढांचा. आमच्या भिल्ल-पावरा पोरांत आजार सौम्य करणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बहुधा जास्त असतं, आजाराची चाल वेगळी. मग तिकडची मात्रा इकडे जशीच्या तशी का? आफ्रिकेत चार देशांतल्या मुलांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला. आमच्या वाट्याला काय? आणि चाचणी घेऊन कुणी वर आलंच, तर संमतीपत्र मराठीत असतं. आई पावरी बोलते, अंगठा उठवते. कशाला उठवला ते तिला माहीत नसतं. अशा संमतीवर काढलेला आकडा मी मानणार नाही.

धुळ्याचा डॉक्टर

संमतीबद्दल तुमचा शब्द न् शब्द बरोबर. मात्रेचं सांगतो. नागपुरात मुलांवर कमी मात्रेचा तुलनात्मक अभ्यास झालाय, त्यात दुखण्याचे झटके घटले. पण अभ्यास लहान होता. नंदुरबारच्या डोंगरात मोठा व्हायला हवा, आणि समजावून सांगणारा माणूस पावरी बोलणारा हवा.

तापीकाठ

आधी लिहिलं नाही, ती वही माझ्या मामांची आहे. काल त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फोन नंबर लिहून घे आणि महिन्याने फोन कर. पण ज्यांचा नारळ आला नाही, त्यांना मी फोन करणार नाही, मला ते ऐकवणार नाही. ते तू कर. औषध बंद करायला ते तयार नाहीत, मीही त्यांना सांगणार नाही. ताई, रकान्यात काय काय लिहू?

संख्याशास्त्रवाली, अमळनेर

कावीळ कधीपासून, खाज आहे का, शौचाचा रंग, रक्त तपासलं का, महिन्याने कसे आहेत. फोन लागला नाही तर तेही लिहा, ती ओळ गाळू नका. औषध न घेतलेल्यांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते का ते मी बघते. आणि एक आजपासूनच करा. गरोदर बाई आली तर तिला रांगेत उभी करू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातूनच होणारी दुसरी कावीळ, झाली तर १०० पैकी २० ते २५ बायका दगावू शकतात. मामांना सांगा, तिला गाडीत बसवून थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.