कडक गादी म्हणजे पाठीला चांगली, हे खूळ सोडा. लॅटेक्स घ्यायचीच तर मिडियम घ्या

गोदाकाठ (नांदेड)

आपल्याकडं कुणाची कंबर धरली की सल्ला ठरलेला असतो, कडक गादीवर झोप. मग तो माणूस दुकानात जातो, चार गाद्यांवर मूठ दाबून बघतो अन् जी सगळ्यात कमी दबते ती उचलतो. हल्ली त्यात लॅटेक्सची भर पडलीय. रबराच्या झाडाचा चीक फेसायचा, साच्यात ओतायचा, तापवून बसवायचा, ती ही गादी. आपल्या देशातलं रबर मुख्यतः केरळचं. माल चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तीस-पस्तीस हजार मोजून लोक त्यातली सर्वांत कडक, ९० डेन्सिटीची (म्हणजे घनमीटरला ९० किलो माल) आणतात अन् महिन्याभरानं विचारतात, सकाळी खांदा का भरून येतो?

कुशीवर झोपलं की खांदा अन् खुबा हे दोनच भाग पुढं आलेले असतात. गादीनं ते थोडे आत घेतले तर कणा सरळ राहतो. कडक गादी आत घेतच नाही. सगळा भार त्या दोन जागी येतो अन् मधली कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत याच्या उलट, बूड खाली जातं अन् कण्याचा झोळ होतो. पाठीला दोन्ही नकोच.

हे माझ्या मनचं नाही. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना निम्म्यांना कडक अन् निम्म्यांना मध्यम-कडक गाद्या देऊन ९० दिवसांनी तपासलं होतं. २००३ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, रोजच्या हालचालीही जास्त सुधारल्या.

दुकानात मूठ दाबू नका. सरळ पाठीवर पडा अन् कंबरेखाली हात घाला. हात आरपार सहज फिरला तर गादी तुमच्यासाठी कडक, हात घुसतच नसेल तर मऊ. मग कुशीवर वळून पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहा. दुकानात आडवं व्हायला लाज वाटते हे कबूल, पण पैसे देताना वाटत नाही ना? अन् त्या 'ऑर्थो' लेबलावर जाऊ नका. ते छापायला कुठल्या डॉक्टरची सही लागत नाही.

माझं मत सरळ आहे. लॅटेक्स, सहा इंच, ७५-८० डेन्सिटी, मिडियम. बाकी सगळी चमकोगिरी.

बालाघाटी (बीड)

भाऊ, तुम्ही स्पेनचं सांगायलात, मी केज तालुक्यातलं सांगतो. त्या ३१३ जणांत सतरंजीवर झोपणारा एक तरी होता का? कडक गादी काय अन् मध्यम गादी काय, दोन्ही गाद्याच. भुईचा पेपर त्यांनी काढलाच नाही, अन् लोक भुईला नापास करून मोकळे होतेत.

आमच्याकडं कंबर गादीनं जात नाही. पाच-सहा महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, त्याच्या आगंमागं दिवसभर वाकून कापूस वेचायचा, कंबर तिथं जाते. त्या माणसाला तुम्ही डेन्सिटी सांगायलात व्हय? घरच्या कापसाची गादी भरून घेतली, दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा नवी. लॅटेक्स खाली बसलं तर कोणता पिंजारी पिंजून देतो ते सांगा. रबराच्या चिकाला पस्तीस हजार द्यायचे अन् आपला कापूस मोंढ्यावर मिळंल त्या भावात घालायचा, असं हे चाललंय.

गोदाकाठ

बालाघाटी, भुईला मी नापास केलेलं नाही. पाठीवर झोपणाऱ्या तरण्या माणसाला सतरंजी चालते, खुशाल झोपावं. पण कापसाच्या गादीचं पहिलं वर्ष सोडून पुढचं सांगा की. मधे खड्डा, कडेला उंचवटा अन् आत मुठीएवढे गोळे. पिंजारी आता किती गावात फिरतोय? आमच्या गल्लीत शेवटचा कधी आला होता ते कुणाला आठवत नाही.

लातूरची सून

दादा, तुमचं "मिडियम घ्या" हेही "कडक घ्या"सारखंच झालं की! सगळ्यांना एकच माप. आमच्या घरचं सांगते. हे पंच्याण्णव किलोचे, मी पन्नास किलोच्या आत. जी गादी मला मिडियम लागते तिच्यावर हे पडले की बुडतात, आणि त्या उतारानं मी घरंगळत त्यांच्या बाजूला. ह्यांना बरी वाटणारी गादी मला फरशी वाटते. गादीचा कडकपणा लेबलावर ठरत नाही हो, झोपणाऱ्याच्या वजनावर ठरतो. त्या स्पेनवाल्यांनी नवरा-बायकोला एका गादीवर झोपवून बघितलं होतं का?

आम्ही शेवटी ७२ बाय ३६ च्या दोन वेगवेगळ्या सिंगल गाद्या घेतल्या, एक कडक, एक मध्यम, आणि वरून एकच मोठी खोळ शिवून घेतली. आता मधे लेकरू झोपतं ते नेमकं फटीत जातं, तो भाग निराळा. तिथं एक जाड गोधडी आडवी टाकते.

गोदाकाठ

ताई, पंच्याण्णव किलोला माझं माप लागू नाही हे मान्यच. पण असे किती? बहुतेक माणसं मधल्या वजनात बसतात, नियम त्यांच्यासाठी आहे.

लातूरची सून

सोयाबीनच्या अडतीवर एकदा बसून बघा, मग सांगा किती ते.

गादीवाला (जालना)

माझं गाद्यांचं दुकान आहे, हे आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी "हा तर धंदेवाला" म्हणायला नको.

गोदाकाठ साहेब, दुकानदार कडक गादी गळ्यात मारतो असा तुमचा सूर दिसतो. गिऱ्हाईक दारात पाय ठेवायच्या आधीच "कडक दाखवा, डॉक्टरनी सांगितलंय" म्हणतं. मिडियम दाखवली तर चेहऱ्यावर शंका येते, की हा हलका माल खपवतोय. मी किती वाद घालणार? अन् पडून बघा म्हटलं तर बायामाणसं कशी पडतील भर दुकानात? शेवटी मूठच दाबतात.

डेन्सिटीचं मात्र अर्धंच सांगितलंत. लॅटेक्समध्ये साच्यात चीक जास्त भरला की डेन्सिटी वाढते अन् गादीही कडक होते, म्हणून आम्ही ढोबळ बोलतो: ६५-७० मऊकडं, ७५-८० मध्यम, ८५ च्या वर कडक. साध्या फोममध्ये असं नसतं. तिथं कमी डेन्सिटीचा फोमही कडक करता येतो, तो वर्ष-दोन वर्षांत बसतो. म्हणून फोमच्या डेन्सिटीचा आकडा लॅटेक्सला लावू नका. शिवाय खालचा पलंगही बघा. झोळ पडलेल्या बाजेवर कडकातली कडक गादीही झोळच धरणार.

खरी फसवणूक दुसरीकडं आहे. वर एक इंच लॅटेक्स अन् खाली रिबॉण्डेड, म्हणजे फोमच्या कातरणांचा दाबून चिकटवलेला लगदा. नाव मात्र लॅटेक्स गादी. कव्हरला चेन असेल तर उघडून बघा. लॅटेक्स एकसारखं सायीच्या रंगाचं असतं अन् त्याला वरपासून खालपर्यंत बोरूच्या जाडीची भोकं असतात. रिबॉण्डेड असेल तर निळे, गुलाबी, पिवळे तुकडे लगेच दिसतात. चेनच नसेल तर काट्यावर टाका. सहा बाय पाच फुटाची, सहा इंची, ८० डेन्सिटीची पूर्ण लॅटेक्स गादी ३४ किलोच्या आसपास भरली पाहिजे. काटा २७-२८ दाखवत असेल तर ती ६५ ची आहे. अन् पंधराच्या खाली असेल तर आत लॅटेक्स नावालाच, बाकी साधा हलका फोम. रिबॉण्डेड मात्र जड असतं, ते काट्यावर सापडेलच असं नाही.

बालाघाटी

शेठ, हे एक लाखाचं बोललात. गादी मोंढ्यावर तोलायची म्हणजे आता हमाली, तोलाई पण लावा.

खडकेश्वर (छत्रपती संभाजीनगर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोदाकाठ यांचं म्हणणं बऱ्याच जणांना लागू पडतं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नाही, आणि आपल्याकडे पस्तीस हजारांची गादी बहुतेक वेळा आई-वडिलांच्या नावानंच घेतली जाते.

गुडघे गेलेली बाई मऊ किंवा मध्यम गादीवरून उठताना काय करते ते बघा. आधी कुशीवर वळते, मग कडेला येते, पाय खाली सोडते आणि हातानं गादीवर रेटा देते. तो हात आणि ती कड दबली तर ती परत मागे पडते. तिला थोडी कडक गादीच हवी, निदान कड तरी कडक. वर दोन इंचाचा मऊ थर चालेल. उंचीही बघा. खाली सामान ठेवायचे पेटीवाले पलंग आधीच दीड फूट, त्यावर आठ इंची गादी चढवली की पाच फुटांच्या आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ती रात्री लघवीला उठताना पडेल, मग पाठ राहिली बाजूला, खुब्याचं ऑपरेशन.

आणखी एक. ती 'लॅन्सेट'मधली पाहणी ठोस कारण न सापडलेल्या, जुन्या कंबरदुखीवर होती. पायात मुंग्या येतात, पाय लुळा पडतो, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो, तापाबरोबर पाठ दुखते, अशांनी गादीच्या दुकानात नाही, दवाखान्यात जायचं.

गोदाकाठ

डॉक्टर, म्हाताऱ्यांचं पटलं. पण मग "कडक कड अन् मऊ थर" ही गादी मिडियमच झाली की शेवटी.

खडकेश्वर

नाही. कडेवर बसून बघा, फरक लगेच कळेल.

पूर्णा जंक्शन (परभणी)

इथं सगळे पाठीवर बोलायलेत, उन्हाळ्यावर कुणी बोलंना. मे महिन्यात आमच्याकडं ४२-४३ अंश. मेमरी फोमची गादी घेणाऱ्यानं तर विचारच करावा. तो फोम उष्णतेनं मऊ पडतो अन् थंडीत आवळतो. दुकानात एसीत निवडलेला कडकपणा घरी राहतच नाही. लॅटेक्सचं तसं होत नाही, डिसेंबर काय अन् मे काय, दबणं जवळपास सारखंच. भोकांतून वाराही खेळतो. एवढ्यासाठी मी लॅटेक्सच्या बाजूनं.

पण दोन गोष्टी. मार्च ते जून आपल्याकडं खोलीत कूलर घोंगावतो. ती दमट हवा गादीत शिरते अन् खाली सलग प्लायवूड असेल तर तिथंच कोंडते. खालून खोळीला काळे ठिपके येतात, वास येतो. सुताराला सांगून प्लायला भोकं पाडून घ्या किंवा पट्ट्यांचा पलंग करा.

दुसरी म्हणजे ऊन. आपल्याकडं अक्षय्य तृतीयेच्या आधी गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकायच्या ही रीत. कापसाला ती अमृत. लॅटेक्स असं कडक उन्हात टाकलं तर रबर पिवळं पडतं, वरून कडक होऊन भुगा सुटायला लागतो. फक्त खोळ काढून उन्हात टाका. लॅटेक्स घरातच सावलीत भिंतीला टेकवायचं, तेही दोघांनी मिळून. ३४ किलोची लवचिक गादी एकट्यानं उचलणं म्हणजे मेलेली म्हैस उचलणं.

बालाघाटी

म्हणजे बघा. उन्हात टाकायची नाही, पिंजायची नाही, एकट्यानं उचलायची नाही, मधे लेकरू झोपवायचं नाही, अन् घ्यायच्या आधी तोलायची. ही गादी हाय का जावई?

लातूरची सून

😄 जावयाला निदान परत पाठवता तरी येतं.

गोदाकाठ

गादीवाले, ताईंनी विषय काढलाच आहे तर तुम्हालाच विचारतो. नव्या गादीची सवय व्हायला तीन-चार आठवडे जातात. दुकानात वीस मिनिटं पडून जे कळत नाही ते घरी कळतं. ऑनलाइन कंपन्या शंभर-शंभर रात्री वापरून बघायला देतात, नाही जमली तर परत. तुम्ही किती दिवसांनी परत घेता?

गादीवाला

प्लास्टिक काढलं की परत नाही. कुणाची वापरलेली गादी मी कुणाला विकू?

गोदाकाठ

मग लोक ऑनलाइन घेतात म्हणून रडू नका. माझ्या मते सवलत, फुकट उशा हे सगळं सोडा अन् त्याऐवजी कडकपणा बदलून द्या. वरचा दोन इंचाचा थर वेगळा ठेवलात तर तेवढाच बदलता येईल. आख्खी गादी परत घ्यायला नकोच.

गादीवाला

थर बदलून द्यायचं मी करतो, ओळखीच्यांना. सगळ्यांना नाही परवडत, तुम्ही म्हणाल तेवढं मार्जिन नाही यात. अन् त्या शंभर रात्रींचं बारीक अक्षरातलंही वाचा. औंढ्याच्या पलीकडच्या खेड्यातून ३४ किलोची गादी परत न्यायला त्यांची गाडी येते का, की तुम्हीच बांधून हिंगोलीला नेऊन द्यायची, ते आधी पिनकोड टाकून विचारा. मग बोलू.